खाडीच्या मुखाशी वायरलेसचा आधार

भाताची लावणी आटोपली, नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहिला, की कोकणातल्या अनेक घरांतील एक तरी माणूस होडीवर जातो. घरी चार गुंठे भातशेती, दहा-वीस आंब्यांची झाडे आणि जोडीला मासेमारी, असाच इथल्या कितीतरी कुटुंबांचा संसार आहे. शेतात गेलेला माणूस दिवेलागणीला घरी येतो. होडीवर गेलेल्याची मात्र वाट पाहावी लागते. आणि अनुभवी तांडेल सांगतात की खरी काळजी भर समुद्रात नसते, ती घर नजरेच्या टप्प्यात आल्यावर, खाडीच्या तोंडाशी असते.

मुखाशीच धोका का?

नदी डोंगरातून गाळ आणते, समुद्र वाळू लोटतो. दोघांची गाठ मुखाशी पडते आणि तिथे पाण्याखाली वाळूचा बांध तयार होतो. अंजर्ल्याला जोग नदीच्या तोंडाशी, देवबागला कर्ली नदीच्या तोंडाशी ही वाळू दिसते. पावसाळ्यानंतर ती जागा बदलते. म्हणून गेल्या वर्षीची वाट यंदा तशीच असेल, असे धरून चालू नये.

खोल पाण्यात संथ वाटणारी लाट या उथळ बांधावर आली की उंच होते आणि फुटते. त्यातच ओहोटी सुरू असेल तर खाडीचे पाणी जोराने बाहेर येते, समोरून लाटा आत येतात. दोघांच्या झटापटीत लाट उभ्या भिंतीसारखी होते. अशा वेळी होडी आडवी सापडली, तर उलटायला क्षणही पुरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा ओढ अधिक असतो.

तिथी पाहा, वेळ साधा

आपल्या वाडवडिलांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ अंदाजे मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पुढे सुमारे सहा तास ओहोटी. तेव्हा त्या दिवशी मुखातून आत यायला दुपारी एक ते तीन ही वेळ चांगली, आणि पाच-सहाची वेळ वाईट. हा झाला अंदाज. नेमकी वेळ प्रत्येक बंदराची थोडी वेगळी असते, ती भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी.

वायरलेस कशासाठी?

पण तक्ता आजची लाट सांगत नाही. ती सांगतो तासाभरापूर्वी आत गेलेला तांडेल. इथेच व्हीएचएफ वायरलेस उपयोगी पडतो. मोबाइलवर एकाचे एकालाच ऐकू येते, शिवाय किनारा दूर गेला की तो मुका होतो. वायरलेसवर बोललेले आसपासच्या सर्व होड्यांना एकदम ऐकू जाते. हातातला संच दोन लहान होड्यांमध्ये सात-आठ किलोमीटर चालतो. डोलकाठीवर उंच अँटेना असलेला 25 वॅटचा संच किनाऱ्यावरील उंच केंद्राशी 30-40 किलोमीटरवरूनही बोलू शकतो. त्यापलीकडे मात्र त्याच्यावर विसंबू नये.

न्यूझीलंडमध्ये अशी वाळूची मुखे पुष्कळ आहेत. तिथे कायपारा बंदराच्या मुखाशी 26 नोव्हेंबर 2016 रोजी एक मासेमारीची बोट उलटून अकरांपैकी आठ जण गेले. तिथल्या बोटवाल्यांना एक शिस्त शिकवतात. मुख ओलांडण्यापूर्वी वायरलेसवरून कळवायचे, ‘अमुक बोट, इतकी माणसे, आता निघतो.’ पार झाल्यावर पुन्हा कळवायचे, ‘सुखरूप पोहोचलो.’ दुसरा निरोप आला नाही, तर शोध सुरू होतो. ही शिस्त आपल्याकडे चार होड्यांनी मिळून पाळली, तरी तिला वेगळा खर्च नाही.

कसे बोलावे?

सोळा नंबरचा चॅनेल जगभर संकटासाठी व हाक मारण्यासाठी राखून ठेवलेला आहे. त्यावर कान ठेवावा, गप्पा मारू नयेत. हाकेला उत्तर मिळाले की दुसऱ्या चॅनेलवर जाऊन बोलावे. बटण दाबून बोलावे, सोडून ऐकावे.

जीव धोक्यात असेल तेव्हाच ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारावा. मग होडीचे नाव तीनदा, ठिकाण, काय झाले, किती माणसे आणि कोणती मदत हवी, एवढे सावकाश सांगावे. तटरक्षक दलाचा फोन क्रमांक 1554 आहे, तोही पाठ असावा.

संच सरकारी परवान्यानेच वापरावा. निघण्यापूर्वी बॅटरी भरलेली आहे का ते पाहावे. हातातला संच पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगाला दोरीने बांधून ठेवावा. होडी उलटली तर पेटीत ठेवलेला संच पेटीबरोबरच जातो.

आणि वायरलेस लाट थोपवीत नाही, हे विसरू नये. मुखाबाहेर थांबून दहा मिनिटे लाटा पाहाव्यात. सर्वांनी जीवरक्षक जाकिटे अंगात घालावीत, उशाशी ठेवू नयेत. मन कचरले, तर भरतीची वाट पाहावी किंवा दुसरे बंदर गाठावे. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या शेकडो मच्छीमारांनी आपल्या देवगड बंदरात आसरा घेतला व ते वाचले. परक्या बंदरात काढलेली रात्र फुकट जात नाही.

घरच्या माणसांनी

होडीचे नाव व नोंदणी क्रमांक, बरोबरच्या खलाशांची नावे आणि परतण्याची वेळ घरातील भिंतीवर लिहून ठेवावी. वेळ टळून गेली, तर रात्र सरण्याची वाट न पाहता बंदर कार्यालयाला किंवा 1554 वर कळवावे. आणि उशीर झाला म्हणून घरात कोणी बोल लावू नये. मासळी थोडी शिळी झाली तरी चालेल. भरतीसाठी थांबलेला माणूस उशिरा येतो, पण येतो.