एकच लेखक, दोन नोंदी

पारनेर तालुक्यातल्या सुप्यात एखाद्या वाचकाने ‘विशाखा’ आणि ‘नटसम्राट’ एकदम मागितली, तर ग्रंथपालाला तालिकेत दोन जागी पाहावे लागेल. लेखक मात्र एकच! कवितांवर कुसुमाग्रज, नाटकांवर वि. वा. शिरवाडकर.

२०१० साली आलेल्या ‘आरडीए’ या तालिकीकरण नियमांनुसार लेखकाने दोन नावे वेगवेगळ्या लेखनासाठी राखली असतील, तर दोन्ही मान्य होतात. ‘हेही पाहा’ अशी नोंद त्यांना जोडते. लेखकाच्या निवडीचा हा मान रास्तच आहे. बालकवींचे तसे नाही. ते सर्वत्र त्याच नावाने ओळखले जातात, म्हणून ‘ठोंबरे, त्र्यंबक बापूजी’ शोधणाऱ्याला ‘बालकवी पाहा’ असे सुचवले जाते.

पु. ल. देशपांड्यांची आद्याक्षरेही कायम राहतात, कारण पुस्तकांवर तीच छापलेली असतात. फक्त आडनाव आधी येते.