जर्मनचे पातेले आणि कॉस्टिक सोडा

जव्हार-मोखाड्याच्या कोणत्याही पाड्यावर जा, चुलीवर जर्मनचे पातेले दिसतेच. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. तांब्या-पितळेपेक्षा स्वस्त आणि वजनाला हलके. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीच्या कामाला भिवंडी-वसईकडे निघतात, तेव्हा बोचक्यात हेच भांडे असते. शहरातल्या आपल्या वस्त्यांतही ते घरोघरी आहे. म्हणून त्याचा शत्रू कोण, हे आपण ओळखले पाहिजे.

चिंच, ताक अशा आंबट पदार्थांनी जर्मन खराब होते, हे आपल्या आयाबायांना ठाऊक आहे. पण त्याहून मोठा शत्रू म्हणजे कॉस्टिक सोडा. साबण करायला आणि तुंबलेली मोरी साफ करायला तो वापरतात. शाळेच्या पुस्तकात अशा पदार्थाला तीव्र आम्लारी म्हणतात.

ॲल्युमिनियमवर हवेमुळे एक पातळ थर आपोआप तयार होतो. तोच भांड्याचे रक्षण करतो. कॉस्टिकचे पाणी हा थर विरघळवते. मग आतला धातू उघडा पडतो, पाणी फसफसू लागते, तापते आणि हायड्रोजन वायू निघतो. एक ग्रॅम धातूतून सुमारे सव्वा लिटर वायू! चुलीची ठिणगी पुरे, तो पेट घेतो. झाकण घट्ट असेल तर भांडे फुटू शकते. जस्ताचेही तसेच होते, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादलीही यासाठी चालत नाही. लोखंड आणि तांबे मात्र असे फसफसत नाहीत.

भिंतीला लावायचा चुनाही याच जातीचा. तो जर्मनच्या पातेल्यात भिजवू नये. धुण्याचा सोडा त्यात उकळला तरी भांडे झिजते.

हीच क्रिया कारखान्यात कामाला येते. चुना, सिमेंट व राखेच्या ओल्या मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी घालतात. वायूच्या बुडबुड्यांनी मिश्रण फुगते आणि हलके, सच्छिद्र ठोकळे तयार होतात. मोठ्या इमारतींच्या भिंतींत आज तेच दिसतात. गुण-दोष पदार्थात नसतो, तो वापरणाऱ्याच्या ज्ञानात असतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, एवढे पाळा. कॉस्टिकसाठी जाड प्लास्टिकची बादली घ्या. आधी थंड पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा. उलट कधीही करू नका. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा हवा. मुले आणि चूल दूर ठेवा. अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर भिजलेले कपडे काढून किमान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा. लिंबू, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. दुरच्या पाड्यावरून जव्हारचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठायला वेळ लागतो. तोवर डोळा वाचवणारे औषध म्हणजे घरातले पाणीच. धुऊन झाल्यावर दवाखान्यात मात्र जायलाच हवे.