कोळंबीच्या डोक्यातली वाळू

आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं, की ते या नलिका ओळखतात. पण डोकं अजिबात हलत नसतानाही, डोळे मिटून, खालची बाजू कोणती हे आपल्याला कळतं. ते काम कानातल्याच बारीक खड्यांचं.

याचा सर्वांत देखणा पुरावा कोळंबीनं दिला. तिच्या छोट्या मिश्यांच्या बुडाशी एकेक पोकळी असते. आत बारीक केसांवर वाळूचे कण टेकलेले असतात. शरीर कललं, की कण त्या बाजूला सरकतात, केस वाकतात आणि कोळंबी स्वतःला सावरते. कात टाकताना पोकळीचं अस्तर कणांसकट निघून जातं. मग ती नांगीनं नवी वाळू उचलून आत भरते. व्हिएन्नाच्या आलोइस क्राइडल यांनी नेमकी हीच वेळ साधली. 1893 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात कात टाकलेल्या कोळंब्यांना वाळूऐवजी लोखंडाचा बारीक कीस मिळाला. त्यांनी तोच आत भरला. मग वरून चुंबक धरला, आणि कोळंबी चक्क उताणी झाली! पाणी तेच, उजेड तोच; पण डोक्यातले कण वर ओढले गेले, म्हणून तिच्या लेखी वर तेच खाली झालं. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

आपल्याला वाळू बाहेरून आणावी लागत नाही. आपल्या कानातले कण शरीरच कॅल्शियम कार्बोनेटपासून घडवतं. ते केशपेशींवरच्या चिकट थरात रुतलेले असतात. माशांत तर अख्खे खडेच असतात. ढोम्याचं डोकं चावताना दाताखाली येतो तो पांढरा खडा हाच. त्यावरच्या वलयांवरून मत्स्यशास्त्रज्ञ माशाचं वय काढतात.

या खड्यांची एक मर्यादा आहे. मागे कलणं आणि पुढे वेग घेणं, दोन्ही वेळी कण मागेच सरकतात. म्हणून अंधारात उड्डाण करताना विमानाचं नाक आहे त्याहून जास्त वर उचललंय, असं वैमानिकाला वाटू शकतं. अशा वेळी त्यानं कानाचं न ऐकता समोरच्या उपकरणांकडे पाहायचं असतं.

कधी हे कण जागेवरून सुटून नलिकेत शिरतात. मग अंथरुणात कूस बदलली तरी घर गरगर फिरतं. मानेचा किंवा रक्तदाबाचा दोष समजून कित्येक जण उगाच गोळ्या घेत राहतात. तपासणीत निदान पक्कं झालं, तर डॉक्टर रुग्णाला आडवं करून डोकं ठरावीक क्रमानं वळवतात. कण नलिकेतून घरंगळत मूळ पिशवीत परततात आणि बहुतेकांची चक्कर एकदोन खेपांत थांबते.