मांगुराची कांडी: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा तोंडावर आला की एटापल्लीच्या बाजारात घमेल्यांतून जिवंत मांगूर दिसू लागतो. घमेल्यात पाणी बोटभरच असते, तरी मासा वळवळत राहतो आणि मधूनच तोंड वर काढून हवा घेतो. पोट फुगलेल्या माद्या आधी विकल्या जातात, कारण गाभोळीला गिऱ्हाईक जास्त. अशाच एका घमेल्यापाशी, स्वतःच्या बोडीत मासे पाळणाऱ्या एका तरुणाने मला विचारले, "भाऊ, गाईची कांडी भेटते दवाखान्यात, तशी मांगुराची नाही भेटत का जी?"

कांडी म्हणजे गोठवलेले वीर्य भरलेली बारीक नळी. प्रश्न अगदी रास्त आहे. माशाच्या नराचे वीर्य गोठवून ठेवता येते, मांगुराचेही येते. पण या गोष्टीभोवती इतके गैरसमज आहेत की एकेक करून ते सोडवलेलेच बरे.

पहिला गैरसमज, गोठले म्हणजे मेले. नुसते गोठवले तर खरेच मरते. पेशीतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि त्या बर्फाचे टोकदार स्फटिक पेशीचा पडदा फाडतात. 1949 साली पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी कोंबड्याच्या वीर्यात ग्लिसरीन मिसळून पाहिले, तेव्हा ते गोठूनही जगले. पुढे 1953 मध्ये ब्लॅक्स्टर या शास्त्रज्ञाने हेरिंग या समुद्री माशावर हाच उपाय केला. हेरिंगचा एक गट वसंतात अंडी घालतो, दुसरा शरदात. दोघांची गाठ कधी पडत नाही. ब्लॅक्स्टरने एका हंगामातले वीर्य गोठवून दुसऱ्या हंगामातल्या अंड्यांवर वापरले आणि अंडी फळली. आज उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये असे वीर्य वर्षानुवर्षे टिकते. सगळेच शुक्राणू वाचतात असे मात्र नाही. बरेच गोठवताना आणि वितळवताना मरतात, म्हणून अंड्यांवर ते ताज्यापेक्षा जास्त घालावे लागते.

घरच्या फ्रीजमध्ये किंवा मासळीच्या बर्फात हे जमत नाही, प्रयत्नही करू नये. वीर्यात योग्य द्रावण आणि गोठणीपासून जपणारे रसायन ठरावीक प्रमाणात मिसळावे लागते, मग ते बारीक नळीत भरून नायट्रोजनच्या वाफेवर बेताने थंड करावे लागते. त्यात नायट्रोजन सतत उडून जातो, पात्र पुन्हा पुन्हा भरावे लागते. मांगुराचा विणीचा हंगाम म्हणजे जून ते ऑगस्ट. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडचे नाले भरतात आणि आतल्या गावांचे रस्ते तुटतात. म्हणून मांगुराची कांडी ही बोडीवर नेऊन वापरायची वस्तूच नाही. तिची जागा मत्स्यबीज केंद्रात. शेतकऱ्याच्या हाती यायला हवी ती त्या केंद्रातली बोटुकली.

आता "गाईसारखेच असेल" हा समज. इथे थोडे थांबतो, कारण मांगुराची खरी अडचण इथेच आहे. गाईचे रेतन शरीराच्या आत होते. मांगुराची अंडी मादीच्या बाहेर फळतात. मादीला संप्रेरकाचे इंजेक्शन दिले की साधारण सोळा-सतरा तासांनी पोट हलके दाबून तपकिरी अंडी ताटात काढता येतात. रोहूच्या नराचे पोट दाबले तर दुधासारखे पांढरे वीर्य बाहेर येते. मांगुराच्या नराचे कितीही दाबा, कामापुरते येत नाही. त्याच्या आतल्या पिशव्या बोटांसारख्या फुटलेल्या असतात, त्या दाबून रिकाम्या होत नाहीत. म्हणून बहुतेक ठिकाणी नर मारावाच लागतो. पोट चिरून पांढरट वृषण काढायचे, कात्रीने बारीक कातरायचे, 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात कालवून फडक्याने गाळायचे. मिठाच्या पाण्यात शुक्राणू निपचित असतात. साधे पाणी लागले की जागे होतात आणि जेमतेम मिनिट-दीड मिनिट पोहून थकतात. तेवढ्यात अंड्यापर्यंत पोहोचले तर पोहोचले. फळलेल्या अंड्यांतून दिवसभराने पिल्ले निघतात.

नर मारला त्या दिवशी तयार माद्या दोनच असल्या, तर नराचे उरलेले वीर्य फुकट जाते आणि पुढच्या मादीसाठी पुन्हा एक नर जातो. गोठवणीचा मोठा फायदा हाच: मारलेल्या नराचा थेंबही वाया जात नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडे चॅनेल कॅटफिश मादी आणि ब्लू कॅटफिश नर यांचा संकर मोठ्या प्रमाणावर पाळतात. तिथेही ब्लू नर मारावाच लागतो. म्हणून लुइझियाना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचे वीर्य गोठवण्याच्या पद्धतीवर वर्षानुवर्षे काम केले. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने रोहू, कटला आणि इतर अनेक देशी माशांसाठी अशा पद्धती बसवल्या आहेत.

आणखी एक भीती कानावर येते, की असले मासे जनुक बदललेले, थाई मांगुरासारखे असतात. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. गोठवल्याने जनुकांत काही भरले जात नाही, बदलत नाही. पिल्लू तेच, आईबाप तेच. थाई मांगूर ही मुळात आफ्रिकेतली वेगळी जात. ती खादाड, झपाट्याने वाढणारी, तलावातले देशी मासे फस्त करणारी. भारतात तिच्या पालनावर 2000 पासून बंदी आहे. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रातही तिचे साठे नष्ट केले गेले. आपला देशी मांगूर वर्षभरात शंभर-दीडशे ग्रॅमच्या आसपास वाढतो. चार-सहा महिन्यांत किलोचा होईल असे सांगून कोणी "मांगुराचे बीज" देत असेल, तर ते देशी नव्हे.

शेवटचा समज सर्वांत घातक वाटतो मला: वीर्य गोठवून ठेवले की जात वाचली. कांडीत फक्त बापाचा अर्धा वाटा असतो. माशाचे अंडे मोठे, बलकाने भरलेले. ते गोठवून पुन्हा जिवंत वापरणे मत्स्यबीज केंद्रांना अजून साधलेले नाही. म्हणजे मादी जिवंतच हवी, आणि तिला लागते उथळ पाण्याची बोडी, पहिल्या पावसात चढायला भाताची बांधी, कडेचा चिखल आणि गवत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत देशी मांगूर संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. थोड्याच नरांची कांडी सगळीकडे वापरली तर सगळी पिलावळ एका रक्ताची होऊन नाजूक पडते. म्हणून वीर्य गोठवायचे तरी वेगवेगळ्या नद्या-तलावांतल्या पुष्कळ नरांचे हवे, आणि आपल्याकडच्या बांडियासारख्या नदीकाठचे मांगूर त्यात असायला हवेत.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले की कांडी येईल तेव्हा येईल. तोवर मृग ते श्रावण या दिवसांत गाभोळी भरलेली मादी धरली तर ती आपल्या बोडीत परत सोड, आणि बाजारात अशी मादी मागू नकोस. हीच विनंती वाचणाऱ्यांनाही.