अंगातल्या वाफा आणि रक्तातली साखर

हैदराबादेत मधुमेहाला सगळेच ‘शुगर’ म्हणतात. मराठी घरांतही तोच शब्द रुळला आहे. पण पाळी जाण्याच्या सुमारास चेहरा-मान एकाएकी तापते, घाम फुटतो, छाती धडधडते, याला आमच्याकडे एक ठरलेले नाव नाही. कोणी ‘वाफा येतात’ म्हणते, कोणी ‘अंगाची आग होते’. मी एका डॉक्टरांना ‘वाफा’ सांगितल्या, तेव्हा त्यांनी उन्हाळ्यावर बोट ठेवून विषय मिटवला. साखर तपासण्याची गोष्ट निघालीच नाही.

ती निघायला हवी होती. मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराचे तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन कमी झाले की त्याची सहनशक्ती आक्रसते आणि किंचित उष्णतेनेही तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतो, घाम सोडतो. इन्सुलिनचे काम वेगळे. रक्तातील साखर स्नायूंच्या पेशींत शिरावी म्हणून ते दार ठोठावते. पेशी दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन ओतते. यालाच इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. (मला ‘प्रतिरोध’ जड वाटतो. ‘पेशी इन्सुलिनला जुमानत नाहीत’ हे विद्यार्थ्यांना लगेच कळते.) या अवस्थेत साखरेचा अहवाल कितीतरी वर्षे चांगला येऊ शकतो.

या दोहोंचा संबंध अमेरिकेतील ‘स्वॉन’ या दीर्घ अभ्यासात दिसला. तीन हजारांवर स्त्रियांची आठ वर्षांची माहिती 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना वाफा वारंवार येत, त्यांच्यात इन्सुलिन-प्रतिरोध अधिक आढळला. वजन आणि इस्ट्रोजेन हिशेबात धरूनही संबंध उरला. संबंध म्हणजे कारण नव्हे. रात्री घामाने झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेने पेशी इन्सुलिनला आणखी कमी दाद देतात, हा एक दुवा असू शकतो. पाळी जाताना चरबी पोटाकडे सरकते, हा दुसरा.

‘स्वॉन’मध्ये भारतीय स्त्रियांचा गट नव्हता. तरी आपण निश्चिंत राहावे असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापली. दोघांचा बीएमआय 22.3, चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. त्यामुळे ‘मी तर बारीक आहे’ हा आपल्या बायकांचा दिलासा फारसा कामाचा नाही. कंबर 80 सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजनकाट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवावा.

वाफा सुरू झाल्या की उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी तपासून घ्यावे. उपाशीपोटी 100 ते 125 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शिका सांगते की, धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 45 टक्क्यांवर जाऊ नये. आपल्या भात-पोळीच्या ताटाला हे अवघडच आहे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मैत्रिणींना एक सांगते. घाम गार असेल, हात थरथरत असतील, भूक लागली असेल, तर ती वाफ नसून साखर उतरलेली असू शकते. आधी ग्लुकोमीटर लावा. तो हाताशी नसेल तर साखर खा.