दोन गाड्यांमधली दुपार

प्रवासाचा बेत आखताना आपण गाड्यांच्या वेळा टिपून घेतो, प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो; परंतु दोन गाड्यांच्या मध्ये उरणाऱ्या दुपारचे काय करावे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ती दुपार मग स्थानकाच्या बाकावर घड्याळाकडे पाहण्यात जाते. हुबळीसारख्या मोठ्या जंक्शनवर उतरणाऱ्या मराठी प्रवाशावर हा प्रसंग हमखास येतो.

अशा वेळी सामान स्थानकावर ठेवावे आणि बसने सुमारे २० किलोमीटरवरील धारवाड गाठावे. वाटेत उणकलचा तलाव दिसतो. धारवाडास पोहोचल्यावर मात्र पाच ठिकाणे पाहण्याचा हव्यास नको. सरळ साधनकेरीस जावे. तेथे तळे आहे आणि तळ्याकाठी सार्वजनिक उद्यान आहे.

परक्या गावात बसायला हक्काची जागा मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. उपाहारगृहातील खुर्ची चहाचा पेला रिकामा होईपर्यंतच आपली असते. नातलगांकडे गेलो, तर त्यांच्या दुपारच्या झोपेचे खोबरे होते. उद्यानातील बाक मात्र आपले नाव, गाव वा भाषा विचारीत नाही. शिवाय तेथील गारवाही खराखुरा असतो. झाड नुसते ऊन अडवीत नाही. मुळांनी शोषलेले पाणी त्याच्या पानांवाटे वाफेच्या रूपाने बाहेर पडते आणि त्यात भोवतालची उष्णता खर्ची पडते. म्हणूनच पत्र्याच्या छपराखाली जीव कासावीस होतो, तर झाडाखाली डोळा लागतो.

साधनकेरीस जाण्याचे आणखी एक कारण आहे. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांचे घर या तळ्यासमोर आहे. १८९६ साली धारवाडात जन्मलेल्या बेंद्र्यांची मातृभाषा मराठी. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते गावी परतले व व्हिक्टोरिया हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे १९४४ ते १९५६ या काळात सोलापूरच्या महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. मराठीतही त्यांनी लेखन केले. पण कविता त्यांना प्रामुख्याने स्फुरली ती कन्नडमध्ये, ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने. १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना मिळाले. १९८१ साली ते निवर्तले.

साधनकेरीला या, असे बोलावणारी त्यांची एक कविता कन्नड घराघरांत ठाऊक आहे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे दोन भाषांचा वाद आपण पुष्कळ ऐकला आहे. तो वाद बाकावर बसल्याने मिटत नाही, हे मीही जाणतो. तथापि, या गावचे निमंत्रण ज्याने कन्नडमध्ये लिहिले, त्याची मायबोली आपलीच होती, हे त्या तळ्याकाठी बसून आठवले म्हणजे शेजारच्या बाकावरील कन्नड बोलणारे आजोबा तितकेसे परके वाटत नाहीत. त्यांनी ‘कुठले?’ असे विचारलेच, तर मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये उत्तर द्यावे. चुकल्यास ते हसतील आणि कदाचित मराठीतच बोलू लागतील.

ऊन कलले की उठावे. शेंगांची टरफले कागदात गुंडाळून सोबत घ्यावीत आणि गाडीच्या वेळेआधी तासभर तरी हुबळीस परतावे. यादीतील एकही स्थळ पाहून झालेले नसेल. पण त्या गावी आपण दुपारभर राहिलो, एवढे खात्रीने सांगता येईल.