समूहस्वराची घडण : ‘ज्युरासिक ५’ आणि ‘गुड लाइफ’चा मंच

रॅपच्या संदर्भात ‘अंडरग्राउंड’ या शब्दाला ‘भूमिगत’ हा मराठी पर्याय चटकन सुचतो. परंतु त्यामागे बेचाळीसच्या चळवळीचा अर्थसंस्कार असल्याने तो दिशाभूल करतो. येथे लपणे अभिप्रेत नाही. बाजारपेठेच्या कक्षेबाहेर, परस्परांना ओळखणाऱ्या श्रोत्यांपुढे होणारा आविष्कार अभिप्रेत आहे. लॉस एंजेलिसच्या ‘ज्युरासिक ५’ या समूहाची घडण अशाच मंचावर झाली.

डिसेंबर १९८९ मध्ये त्या शहराच्या दक्षिण-मध्य भागातील ‘गुड लाइफ’ या आरोग्याहाराच्या दुकानवजा उपाहारगृहात बी. हॉल यांनी दर गुरुवारी खुला मंच सुरू केला. अट एकच महत्त्वाची : अपशब्द वर्ज्य. ‘एन.डब्ल्यू.ए.’च्या १९८८ मधील ध्वनिमुद्रिकेनंतर शिवराळ, हिंसक बोली हीच या शहराची रॅपभाषा मानली जाऊ लागली होती. त्या पार्श्वभूमीवर या अटीकडे केवळ नैतिक निर्बंध म्हणून पाहणे अपुरे ठरेल. सवयीची शिवी ही पुष्कळदा ओळीतील जागा भरणारे पादपूरक असते. ते काढून घेतले की रचनाकाराला यमक, लय आणि शब्दसंग्रह यांवरच उभे राहावे लागते. शिवाय परीक्षक समोरच बसलेला. रचना फसली की श्रोते एकसुरात ‘माइक पुढे द्या’ अशी विनवणी करीत. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहिराची कसोटी प्रतिपक्ष घेतो. येथे ती श्रोतृवृंद घेई.

या मंचावरील ‘रेबेल्स ऑफ रिदम’ व ‘युनिटी कमिटी’ हे दोन गट १९९३ च्या सुमारास एकत्र आले. १९९५ मधील ‘युनिफाइड रेबेल्यूशन’ या पहिल्या मुद्रिकेच्या शीर्षकातही दोन्ही नावे मिसळलेली दिसतात. (नावात ५ असले तरी चार रॅपर आणि दोन डीजे असे सदस्य सहा!) चाली टूना, अकील, झाकीर आणि मार्क सेव्हन हे चौघे एकाच ओळीचे तुकडे वाटून घेतात आणि मोक्याच्या शब्दावर एकत्र येतात. पोवाड्यात शाहीर कथन करतो व झीलकरी त्याला साथ देतात. येथे मात्र प्रत्येक जण आळीपाळीने शाहीर आणि झीलकरी असतो. ही पद्धती ब्रॉन्क्समधील आरंभीच्या रॅपसमूहांची. तिचे पुनरुज्जीवन हे या समूहाचे खरे कर्तृत्व होय.

१९९७ च्या लघुमुद्रिकेनंतर त्यांना ‘इंटरस्कोप’ या बड्या कंपनीचे दार उघडले. ‘डेथ रो’च्या गँगस्टा रॅपचे वितरण करणारी कंपनी हीच, हा विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. ‘क्वालिटी कंट्रोल’ (२०००) व ‘पॉवर इन नंबर्स’ (२००२) यांत मंचावरचा समूहस्वर टिकून आहे. ‘फीडबॅक’च्या (२००६) वेळी कट केमिस्ट हा डीजे समूहात नव्हता, आणि तेथे वीण सैल झालेली जाणवते. २००७ मध्ये समूह विखुरला. २०१३ मध्ये कोचेला महोत्सवात पुन्हा एकत्र आला.

‘गुड लाइफ’चे गुरुवार तोवर कधीच थांबले होते. त्या मंचावर स्वतः रॅप केलेल्या एव्हा ड्यूव्हर्ने यांचा ‘धिस इज द लाइफ’ (२००८) हा अनुबोधपट मात्र उपलब्ध आहे. मुद्रित संहितेत न सापडणारा श्रोत्यांचा सहभाग अभ्यासकाला त्यात पाहता येतो.